प्रवासाला न्यायचा लॅपटॉप

बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला येऊन पोचले. कल्याणला त्यांना दोन फाटे फुटले. एक कसाऱ्यावरून थळ घाट चढून नाशिककडे गेला, दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे. शाळेच्या पुस्तकात हे सारे आपण वाचलेले आहे. परंतु आज सकाळी साडेसहाच्या सुमारास कल्याण स्थानकाच्या पुलावर थोडा वेळ उभे राहिलात, तर या दोन फाट्यांचा आणखी एक अर्थ ध्यानात येईल. बहुतेक माणसे मुंबईकडे निघालेली असतात हे खरेच; पण उलट दिशेनेही एक लहानसा ओघ वाहत असतो. घर डोंबिवलीत, कल्याणात नाही तर ठाण्यात आणि शाळा शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात, अशा शिक्षकांची संख्या थोडीथोडकी नाही. कोणी आसनगावला उतरून पुढे जीप धरतात, कोणी कल्याणहूनच मुरबाडची एस. टी. पकडतात. पूर्वी यांच्या खांद्याला शबनम पिशवी असे. तीत हजेरीपट, खडूचे खोके नि जेवणाचा डबा. आता पाठीवर काळी बॅग दिसते आणि बॅगेत बहुधा लॅपटॉप असतो. यू-डायसची माहिती भरायची, निकालपत्रके तयार करायची, भूगोलाच्या तासाला मुलांना एखादा नकाशा पडद्यावर दाखवायचा, अशी त्याची कामे.

असा लॅपटॉप घ्यावा कसा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय. घरी टेबलावर ठेवायचा नव्हे. रोज न्यायचा नि रोज परत आणायचा. दुकानात गेले की 'हलका, सडपातळ, प्रवासाला उत्तम' ही विशेषणे वाटेल त्या यंत्राला चिकटवलेली आढळतात. माझे म्हणणे असे की, 'हा किती हलका आहे' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न 'हा हलका झाला कशामुळे' हा. वजन काही हवेत विरून जात नाही. कुठून तरी काही तरी काढून घेतलेले असते. जे काढले ते तुमच्या उपयोगाचे नसेल तर सौदा उत्तम. उपयोगाचे असेल तर ती वस्तू तुम्हांला पुढे वेगळी विकत घेऊन वेगळी वाहावी लागणार, आणि हलकेपणाची किंमत दोनदा मोजली असे होणार. आजच्या कोणत्याही कंपनीच्या मालाची शिफारस मी येथे करणार नाही. नमुने इतके भराभर बदलतात की हे भाषण पुस्तिकेत छापून तुमच्या हाती येईपर्यंत ते नाव दुकानातून गेलेलेही असेल.

त्याआधी एक आडवळणाचा प्रश्न विचारतो. लॅपटॉप हवाच का? हजेरी नोंदवणे, वरिष्ठांचे निरोप वाचणे, मुलांचे फोटो पाठवणे, ही कामे मोबाईलवर होतात, आणि तो आपल्या खिशात आहेच. ज्यांना अधूनमधून पानभर मजकूर लिहायचा असतो त्यांनी दोन-अडीचशे ग्रॅमचा बिनतारी कळफलक मोबाईलला जोडला तरी काम भागते. पण चाळीस मुलांच्या गुणांचा तक्ता, त्यात प्रत्येक विषयाचे तीन-चार रकाने, हे मोबाईलच्या पडद्यावर करू जाल तर डोळे आणि मन दोन्ही शिणतात. असे काम आठवड्यातून दोन-तीनदा असेल तरच पुढचे ऐका.

आता वजनाकडे वळू. अमेरिकेत १९८१ साली 'ऑस्बोर्न १' नावाचा संगणक निघाला. बरोबर नेता येणारा संगणक म्हणून तो विकला जाई, आणि त्याचे वजन होते सुमारे अकरा किलो! पडदा पाच इंचांचा, आत बॅटरी नाही, शिवणयंत्राच्या पेटीसारखा मुठीला धरून उचलायचा. 'नेता येणारा' या शब्दाचा अर्थ विकणाऱ्याने ठरवला म्हणजे काय होते, त्याचे हे उदाहरण. आपला अर्थ आपणच ठरवावा हे बरे.

आजकाल पडद्याच्या मापावरून वजनाचा साधारण अंदाज बांधता येतो. पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. १५.६ इंची लॅपटॉप बहुधा दीड किलोच्या वर, पावणेदोनच्या आसपास भरतो. १४ इंची सव्वा ते दीड किलो. १३ इंची एक ते सव्वा. एक किलोच्या आतलेही आहेत. त्यांतले काही फार महाग आणि काही फार स्वस्त, मधले विरळा. असे का, ते पुढे सांगतो. जाहिरातीत छापलेले वजन हे नुसत्या यंत्राचे असते. बॅगेत चार्जरही जातो, आणि जुन्या धाटणीचा विटेसारखा चार्जर वायरींसकट तीनशे-चारशे ग्रॅम सहज भरतो. म्हणून एक युक्ती करा. शेजाऱ्याचा किंवा सहकाऱ्याचा त्या मापाचा लॅपटॉप चार्जरसकट ओळखीच्या वाण्याच्या काट्यावर ठेवा. मोठ्या यंत्राचे दोन किलोच्या वर जाते, लहानाचे दीडमध्ये बसते. फरक म्हणाल तर अर्धा-पाऊण किलो. पण त्याच बॅगेत लिटरभर पाणी, म्हणजे पुरता एक किलो, शिवाय डबा, छत्री, मुलांच्या वह्या असतात. हे सारे मिळून चार-साडेचार किलो झाल्यावर तो पाऊण किलो फार जाणवतो. सकाळी नाही जाणवत. संध्याकाळी पूल चढताना जाणवतो.

उपनगरी गाड्यांच्या गर्दीसाठी एक इंग्रजी शब्दप्रयोग रूढ झाला आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. त्याचा अर्थ एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसे उभी! गुरुजींनी वर्गाच्या जमिनीवर खडूने मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोन आखावा आणि तीत सोळा जण उभे करून पाहावेत, म्हणजे कळेल. अशा गर्दीत पाठीवरची बॅग ही आपली एकट्याची बाब राहत नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जात असताना दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही प्राणाला मुकले. दोन्ही गाड्यांच्या दारांतल्या माणसांच्या पाठीवरच्या पिशव्या एकमेकींना घासल्या, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्या अपघाताची मूळ कारणे गर्दीत आहेत आणि पिशवी हलकी केल्याने ती दूर होणार नाहीत, हे मला कळते. तरी एवढे खरे की बॅग जितकी जाड, तितके शरीर दाराबाहेर अधिक. म्हणून प्रवासाच्या लॅपटॉपची जाडी मी वजनाइतकीच महत्त्वाची मानतो. रोजचा जाणता प्रवासी फलाटावरच बॅग पुढे छातीशी घेतो. छातीशी धरता येईल, दोन्ही हातांत मावेल आणि रॅकवर दुसऱ्याच्या डब्यावर चढणार नाही, एवढीच बॅग असावी. आणि लॅपटॉप त्या बॅगेच्या मापाने घ्यावा. आपण बहुधा उलटे करतो. आधी यंत्र घेतो, मग ते मावेल एवढी बॅग शोधत फिरतो.

वजन कुठून काढतात, ते आता पाहू. पहिली जागा म्हणजे अंगाची. प्लास्टिकच्या जाड कवचाऐवजी ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे पातळ कवच घातले की यंत्र हलके आणि तरीही ताठ राहते. ही खरी कारागिरी. तिला पैसा पडतो, म्हणून चांगली हलकी यंत्रे महाग. दुसरी जागा म्हणजे भोके, ज्यांत वायरी खुपसतात ती. जानेवारी २००८ मध्ये ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांनी कागदपत्रांच्या लिफाफ्यातून एक लॅपटॉप बाहेर काढून दाखवला. सभा चकित झाली. १३ इंची पडदा आणि वजन सुमारे १.३६ किलो. पण त्यात तबकडीचा खण नव्हता, जाळ्याची वायर लावायची सोय नव्हती आणि पेन ड्राइव्हसाठी भोक एकच होते. तबकडीचा खण गेला त्याचे आज कोणाला दुःख नाही. परंतु आपल्या शाळेत प्रोजेक्टर किंवा मोठा दूरदर्शन संच असेल, तर तो जोडायला एचडीएमआयचे रुंद भोक लागते, आणि पुष्कळशा बारीक लॅपटॉपांत ते नसते. मग जोडतुकडा वेगळा घ्या, तो जपा आणि ज्या दिवशी घरी विसराल त्या दिवशी नकाशा फळ्यावर खडूने काढा. शाळेत पडद्यावर दाखवायचे असेल तर हे भोक यंत्रातच असलेले बरे, त्यापायी शंभर ग्रॅम जास्त पडले तरी पडोत.

तिसरी जागा सगळ्यांत फसवी, ती म्हणजे स्मृती. २००७ साली तैवानच्या आसुस कंपनीने 'ई पीसी' नावाचा सात इंची लॅपटॉप काढला. वजन एक किलोच्या आत, किंमतही कमी. जगभर त्याचा बोलबाला झाला. त्यात साठवणीला जागा होती अवघी चार जीबी. आपल्याकडे २०२३ साली ११.६ इंची जिओबुक १६,४९९ रुपयांना बाजारात आला. वजन ९९० ग्रॅम, तात्पुरती स्मृती चार जीबी, साठवण चौसष्ट जीबी. स्वस्त आणि हलके असे जे मघाशी म्हणालो, ते या जातीचे. ही यंत्रे वाईट आहेत असे नाही. पत्र लिहिणे, एखादा धडा दाखवणे एवढ्याला ती पुरतात. पण त्यांच्याकडून काय मागू नये हे घेणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

स्मृतीचे दोन प्रकार स्वयंपाकघरावरून समजतात. साठवण म्हणजे कोठी, आणि रॅम म्हणजे ओटा. कोठी मोठी असली आणि ओटा वीतभर असला, तर भाजी चिरायला घेतली की कणकेची परात खाली ठेवावी लागते. संगणकही तसाच सारखी उचल-ठेव करत बसतो आणि आपण म्हणतो, 'हँग झाला.' आज आठ जीबीचा ओटा ही कमीत कमी गरज समजावी, सोळा असेल तर चैन नव्हे. बारीक लॅपटॉपांत रॅमच्या चकत्या मुख्य पाटीवर झाळून टाकलेल्या असतात, पुढे वाढवता येत नाहीत. तेव्हा 'आत्ता चार घेऊ, मग वाढवू' हा विचार त्यांच्या बाबतीत चालत नाही. दुकानदाराला स्पष्ट विचारा, रॅम वाढते की झाळलेली आहे? कोठीसाठी 'एसएसडी' असा शब्द कागदावर आहे ना तेही पाहा. स्वस्त यंत्रांत 'ईएमएमसी' असते, ती एसएसडीहून मंद. आणि जुन्या पद्धतीची फिरती चकती, जिला हार्ड डिस्क म्हणतात, ती तर प्रवासाला नकोच. तिच्यात चकती गरगर फिरते आणि तिच्यावर केसाहून कमी अंतरावर एक सुई तरंगत असते. गाडीचा गचका, एस. टी.चा खड्डा, आणि सुई चकतीवर टेकली की वर्षाचे निकाल गेले. एसएसडीत फिरणारे काहीच नाही.

वजन काढण्याची चौथी जागा म्हणजे बॅटरी, आणि प्रवाशाचे खरे नुकसान इथेच होते. बॅटरी ही जड वस्तू. ती निम्मी केली की यंत्र हलके होते, जाहिरातीतला आकडा सुंदर दिसतो आणि दुपारी दोन वाजता पडदा काळा होतो. मग चार्जर बरोबर न्यावाच लागतो, म्हणजे बॅटरीतून काढलेले वजन चार्जरच्या रूपाने बॅगेत परत आले. 'बारा तास चालतो' या वाक्यावर विसंबू नका. हिशेब सोपा आहे, पाचवीच्या मुलालाही येईल. बॅटरीवर किंवा माहितीपत्रकात 'वॉट-अवर' असा आकडा असतो. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला लहान लॅपटॉप साधारण आठ वॉट खातो असे धरा. बॅटरी पन्नास वॉट-अवरची असेल तर पन्नास भागिले आठ, म्हणजे सहा तासांच्या आसपास. अडतीसची असेल तर पावणेपाच. चित्रफिती दाखवल्या, पडद्याचा उजेड वाढवला, मोबाईलचे जाळे जोडले की खर्च वाढतो आणि तास उतरतात. शिवाय बॅटरी पहिल्या दिवशीची राहत नाही. तीन-चारशे वेळा भरली-रिकामी झाली की तिचा दम कमी होऊ लागतो. म्हणून आज चार तासांची गरज असेल तर सहा तासांची बॅटरी घ्यावी. पावसाळ्यात वीज गेली म्हणजे शाळेत ती कधी येईल याची खात्री नसते, हे मुरबाड-शहापूरकडच्या मंडळींना मी सांगायला नको.

चार्जरची गोष्ट निघालीच आहे तर तीही पुरी करतो. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपांना मोबाईलसारख्याच लहान लंबगोल तोंडाच्या वायरीने, म्हणजे यूएसबी-सी वायरीने, वीज भरता येते. ही सोय असेल तर पंचेचाळीस किंवा पासष्ट वॉटचा एकच लहान चार्जर मोबाईल आणि लॅपटॉप दोघांनाही पुरतो आणि पाव किलो तरी वाचतो. मात्र लंबगोल भोक दिसले म्हणजे वीज भरता येते असे नाही; काहींत ते नुसती माहिती ने-आण करायला असते. दुकानात वायर लावून खात्री करावी. मोबाईलच्या साध्या पॉवर बँकेने लॅपटॉप चालत नाही. पंचेचाळीस वॉट किंवा अधिक देणारी पॉवर बँक लागते, आणि तिच्यावर लिहिलेल्या वीस हजारांच्या आकड्याने हुरळून जाऊ नये. वीस हजार मिलीअँपिअर-अवर म्हणजे सुमारे चौऱ्याहत्तर वॉट-अवर. मध्ये घट जाऊन पन्नासच्या आतबाहेर हाती लागतात. एक बॅटरी भरते, एवढेच. आणि तिचे वजन चारशे ग्रॅमच्या आसपास! त्यापेक्षा मुळात मोठ्या बॅटरीचा लॅपटॉप परवडला.

जाता जाता एक. धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना हाताला मुंग्या आल्यासारखे बारीक झटके जाणवतात, अशी तक्रार खेड्यांतून ऐकू येते. यंत्र बिघडलेलेच असते असे नाही. बहुधा भिंतीतल्या जोडणीला अर्थिंग नसते, किंवा तीन पायांची पिन दोन पायांच्या तुकड्यावर चढवलेली असते. अर्थिंगची तार ओढून घ्यावी. शाळेत मुले हात लावतात, तेव्हा यात हयगय नको.

पडदा किती इंची घ्यावा याविषयी मते निरनिराळी आहेत. माझे मत १४ इंचीकडे झुकते. खूप चालावे लागते त्यांनी १३. अकरा इंचीवर कळफलक आखडतो. चांगल्या कळफलकात एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत एकोणीस मिलिमीटर अंतर असते. त्याहून फार कमी झाले की बोटे शेजारच्या कळीवर पडतात. मराठी लिहिणाऱ्याला हे अधिकच जाणवते. इनस्क्रिप्ट पद्धतीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे, आणि जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त. 'राष्ट्र' हा एक शब्द लिहायला बोटांनी किती फेऱ्या मारल्या ते मोजून पाहा! दुकानात उभ्याउभ्या नुसते 'हॅलो' टाइप करून निघू नका. मराठी कळफलक सुरू करून घ्या आणि पाचसहा ओळी लिहा. शाळेची सूचना लिहा, घरी पत्र लिहा, काहीही. दुकानदार जरा कंटाळेल. कंटाळू द्या. ठाण्याला नौपाड्यात, डोंबिवलीला नि कल्याणला स्टेशनच्या आसपास दुकाने पुष्कळ आहेत. गाडीने पुढे जाऊन ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर यंत्रे, सुटे भाग, दुरुस्ती सगळे एका रस्त्यावर मिळते. पण दुरुस्तीची सोय घराजवळ आहे का हेही पाहा. एका बिघाडासाठी दोन रजा खर्च झाल्या तर स्वस्ताईचा उपयोग काय?

पडदा आरशासारखा चकचकीत नको. खिडकीशी बसलात किंवा वर्गात उजेडाकडे पाठ असली की स्वतःचाच चेहरा दिसतो. दुकानात यंत्र दाराशी नेऊन उजेडात पाहावे.

गाडीत बसायला जागा मिळाली आणि मांडीवर बॅग, बॅगेवर लॅपटॉप घेऊन काम सुरू केले, की थोड्या वेळात खालून चटका बसू लागतो. पुष्कळ यंत्रांना खालच्या अंगाला हवेची भोके असतात. आतला पंखा तिथून हवा ओढतो. बॅगेच्या मऊ कापडाने ती बुजतात. खाली एक पुठ्ठा किंवा जाड फाईल घेतली की झाले. बिनपंख्याचीही यंत्रे मिळतात. मऊ बॅगेवर आणि आपल्या धुळीच्या रस्त्यांना ती बरी, पण जड कामाला मंद पडतात. दुसरे असे की झाकण मिटले म्हणजे यंत्र बंद झाले असे समजू नये. ते झोपलेले असते, आणि कधी कधी बॅगेतच जागे होते. बंद बॅगेत तापत राहते आणि शाळेत पोचेपर्यंत बॅटरी उतरलेली. निघताना पुरते बंद करावे. झाकणावर बाहेरून दाब आला तर पातळ पडदा आतल्या कळफलकावर दाबला जाऊन तडकतो, म्हणून बॅगेत झाकणाच्या बाजूला डबा किंवा बाटली येऊ देऊ नये. मध्ये पुठ्ठ्याची फाईल असावी. पावसाळ्यात बॅगेला वरून घालायचा कोट असला तरी आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घडी करून ठेवा. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून उभी राहिली होती, हे या भागातले लोक विसरलेले नाहीत.

पगारातून हप्ते जात असताना नवे यंत्र परवडत नाही, मग वापरलेले घ्यावे का? घ्यावे, पण पारखून. मोठ्या कचेऱ्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप काढून टाकतात आणि ते साफसूफ करून दुकानांत येतात. त्यांतले लहान मापाचे, दणकट बांधणीचे यंत्र त्याच किमतीच्या नव्या स्वस्त यंत्रापेक्षा पुष्कळदा सरस निघते. पाहायचे मुख्य दोन गोष्टींकडे. एक, बॅटरीत दम किती उरला आहे. दुकानातच अर्धा तास विजेशिवाय चालवा आणि टक्के किती उतरतात ते बघा. दुसरी गोष्ट अशी की मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. फार जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. इंटेलचे चिप असेल तर ते आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे आहे का ते विचारा. 'चालते हो, आम्ही टाकून देतो' या उत्तरावर समाधान मानू नका. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळत नसलेल्या यंत्रावर मुलांची नावे, जन्मतारखा आणि आधार क्रमांक ठेवणे बरे नव्हे. लिनक्सवर काम करण्याची ज्यांना सवय आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना जुने यंत्रही पुरते.

याच कारणासाठी यंत्राला परवलीचा शब्द असावा आणि साठवण कुलूपबंद करण्याची, म्हणजे एन्क्रिप्शनची, सोय चालू करून घ्यावी. लॅपटॉप हरवला तर पैशांचे नुकसान आपले. आतली माहिती मात्र दुसऱ्यांच्या लेकरांची आहे. कामाची दुसरी प्रत घरच्या पेन ड्राइव्हवर ठेवावी, त्याच बॅगेतल्या पेन ड्राइव्हवर नव्हे. गाडीत बॅग रॅकवर ठेवून झोप लागली, डोंबिवली आली म्हणून धडपडत उतरलो आणि बॅग कल्याणला गेली, असे होऊ शकते. अशा वेळी ताबडतोब १३९ या क्रमांकावर रेल्वेला कळवावे किंवा फलाटावरच्या रेल्वे पोलिसांना गाठावे. गाडी कितीची, कुठून कुठे जाणारी, जलद की धिमी, पुढून कितवा डबा आणि कोणत्या बाजूचा रॅक, एवढे सांगता आले तर पुढच्या स्थानकावर शोध घेता येतो. यंत्राचा अनुक्रमांक खालच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो. तो आणि खरेदीचे बिल घरी एका वहीत नोंदवून ठेवलेले असावे.